रोजच्या जीवनातलं रसायनशास्त्र आणि सीईटी: सातारा-सांगलीकडून वारंवार येणारे प्रश्न

कराड, वाई, फलटण, विटा, तासगाव, जत, मिरज अशा ठिकाणच्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींकडून, आणि कधी त्यांच्या पालकांकडून, हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा धडा नक्की कुठे आहे, आणि एमएचटी-सीईटीसाठी त्याचं वजन किती?

महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावीच्या रसायनशास्त्रातला हा शेवटचा, १६वा धडा. त्यात मुख्यतः तीन गोष्टी आहेत: अन्न, औषधी गुणाची संयुगं आणि साबण-डिटर्जंट. सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी १ गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. यातले साधारण २० टक्के अकरावीचे, म्हणजे रसायनशास्त्रात १० च्या आसपास. अकरावीचे सगळेच धडे परीक्षेला धरलेले नसतात. म्हणून सीईटी सेलने तुमच्या वर्षासाठी जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात धड्याचं नाव आहे का, हे आधी स्वतः पाहा. क्लासच्या जुन्या यादीवर विसंबू नका.

यादीत नाव नसलं तरी धडा फाडून टाकू नका. का, ते प्रश्न ३ मध्ये.

२. मी फक्त नीट देणार आहे. मग हे सोडून दिलं तर चालेल का?

२०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातून हा धडा वगळला आहे, पॉलिमरही वगळलं आहे. त्यामुळे औषधांच्या लांबलचक याद्या नीटसाठी पाठ करण्यात वेळ घालवू नका. पण फिनॉल, अमाइन, कार्बॉक्सिलिक आम्लं, जैवरेणू आणि आयनिक समतोल हे भाग तिथे आहेतच. अ‍ॅस्पिरिन कसं तयार होतं, पॅरासिटामॉलमध्ये कोणते क्रियात्मक गट असतात, हे प्रश्न त्या धड्यांतून येऊ शकतात. नीटवाल्यांनी खालचे ९, १३ आणि १५ हे प्रश्न वाचावेत. आणि लक्षात असू द्या, तिथे चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. अंदाजाने ठोकायची सीईटीची सवय तिथे महागात पडते.

३. किती वेळ द्यायचा आणि सुरुवात कुठून करायची?

एकूण ८ ते ९ तास पुरतात, पण सलग नकोत. पहिले २ तास साबण आणि डिटर्जंट, कारण ते समजून घेण्यासारखं आहे. पुढचे ३ तास औषधं. २ तास अन्न. उरलेला वेळ पंधरा-पंधरा दिवसांनी उजळणीला.

आता महत्त्वाचं. या धड्यातलं प्रत्येक नाव दुसऱ्या एखाद्या धड्यात जाऊन बसतं. साबण हे एस्टरचं जलअपघटन आहे. मायसेल (पाण्यात साबणाच्या कणांचे होणारे पुंजके) कलिलांच्या धड्यात आहे, अँटासिड आयनिक समतोलात, सल्फर डायऑक्साइड १६व्या गणात, अ‍ॅस्पिरिन फिनॉलमध्ये. वहीत प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: त्यातला क्रियात्मक गट आणि तो कुठल्या धड्यात भेटतो. नुसती यादी चार दिवसांत विसरते, रचनेला बांधलेलं नाव विसरत नाही.

४. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. आता सगळे शब्द इंग्रजीत आणि यूट्यूबवरचे क्लास हिंदीत. गोंधळ होतो. काय करावं?

हा गोंधळ खरा आहे आणि त्यात सापळे आहेत. सर्वात मोठा सापळा ‘क्षार’ हा शब्द. आपल्या मराठी पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट, आणि बेस म्हणजे आम्लारी. हिंदी व्याख्यानात क्षार म्हणजे अल्कली, आणि सॉल्टला ‘लवण’ म्हणतात. त्यामुळे हिंदीत ‘अम्ल और क्षार’ ऐकून तुम्ही ‘आम्ल आणि सॉल्ट’ समजलात की पुढचं सगळं चुकतं. तसंच रिडक्शनला मराठीत क्षपण, हिंदीत अपचयन. आणि मराठी जीवशास्त्रात अपचय म्हणजे कॅटाबॉलिझम, जिथे ग्लुकोजचं उलट ऑक्सिडीकरणच होतं.

तीन रकान्यांचं एक पान करा: मराठी, इंग्रजी, हिंदी. ४० शब्द पुरे. अवक्षेप, उत्प्रेरक, दर्शक, उदासिनीकरण, जलअपघटन, कलिल हे त्यात हवेतच. सीईटीत गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतही घेता येतं. पण दोन वर्षं इंग्रजीतून शिकून ऐन परीक्षेत मराठी निवडली, तर भाषांतरित शब्द अनोळखी वाटतात. निवड अर्ज भरतानाच करा आणि सराव त्याच भाषेत ठेवा.

५. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, बेकिंग पावडर, कॉस्टिक सोडा यांत दरवेळी चुकतं.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, ज्यात स्फटिकजलाचे १० रेणू असतात. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. बेकिंग पावडर हे संयुग नव्हे, ते मिश्रण आहे: खाण्याचा सोडा, एखादं कोरडं आम्ल किंवा आम्लधर्मी क्षार, आणि ओल शोषायला थोडं स्टार्च.

गणितात फसगत इथे होते. खाण्याचा सोडा नुसता तापवला तर २ मोलमधून कार्बन डायऑक्साइडचा १ मोलच मिळतो. आम्लाबरोबर मात्र प्रत्येक मोलला १ मोल मिळतो. म्हणजे ८.४ ग्रॅम सोड्यापासून ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला तापवून १.१२ लिटर वायू, आणि भरपूर आम्ल घालून २.२४ लिटर. नुसता सोडा घातलेलं पीठ कमी फुगतं आणि त्याला साबणासारखी चव येते, कारण तापल्यावर मागे सोडियम कार्बोनेट उरतं. ढोकळ्यात ताक किंवा लिंबू घालतात ते यासाठी.

६. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. हे परीक्षेत कसं विचारतात?

माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत जड, म्हणजे कठीण पाणी हा रोजचाच अनुभव आहे, आणि परीक्षेत त्यावर चार-पाच तऱ्हेने प्रश्न येतात.

साबण म्हणजे लांब साखळीच्या मेदाम्लाचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आयन त्यातल्या सोडियमची जागा घेतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला राखाडी थर बसतो तो हाच. फेस येण्याआधी साबण या आयनांवरच खर्ची पडतो. किती, ते मोजता येतं. पाण्याची कठीणता १०० पीपीएम, म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी असेल, तर त्यात १ मिलिमोल कॅल्शियम असतं. त्याला २ मिलिमोल सोडियम स्टिअरेट लागतं. रेणुवस्तुमान ३०६ धरून हे ०.६१२ ग्रॅम होतं. २० लिटरच्या बादलीत सुमारे १२ ग्रॅम साबण फेस यायच्या आतच गेला. कठीणता ४०० पीपीएम असेल तर जवळपास ४९ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० ही कमाल मर्यादा आहे. यावरून अंदाज करा.

तात्पुरती कठीणता बायकार्बोनेटमुळे असते आणि उकळल्यावर जाते. इथली खोच अशी की कॅल्शियम बायकार्बोनेटपासून कार्बोनेट मिळतं, पण मॅग्नेशियम बायकार्बोनेटपासून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिळतं. पर्यायांत ‘मॅग्नेशियम कार्बोनेट’ मुद्दाम ठेवलेलं असतं. कायमची कठीणता क्लोराइड आणि सल्फेटमुळे असते. ती उकळून जात नाही, धुण्याचा सोडा घातल्यावर जाते.

डिटर्जंटला ही अडचण येत नाही, कारण सल्फोनेट आणि सल्फेटचे कॅल्शियम क्षार पाण्यात बऱ्यापैकी विरघळतात. प्रकारांसाठी प्रश्न ८ पाहा.

७. साबण तयार करण्याचं गणित एकदा नीट सांगा.

ट्रायस्टिअरिन हे तेला-तुपातलं नमुन्याचं ट्रायग्लिसराइड. रेणुवस्तुमान ८९०. त्याला ३ मोल सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, म्हणजे १२० ग्रॅम. मिळतात ३ मोल सोडियम स्टिअरेट, म्हणजे ९१८ ग्रॅम, आणि १ मोल ग्लिसरॉल, म्हणजे ९२ ग्रॅम. दोन्ही बाजूंची बेरीज १०१० येते, ताळा बसला. म्हणजे १०० ग्रॅम चरबीला सुमारे १३.५ ग्रॅम कॉस्टिक.

मुलं ३ ने गुणायला विसरतात आणि उत्तर ४.५ काढतात. तो पर्याय पेपरमध्ये हमखास दिलेला असतो. शेवटी मीठ घालून साबण वेगळा करतात: सोडियम आयनांचं प्रमाण वाढलं की साबणाची विद्राव्यता घटते. हा समआयन परिणाम, आयनिक समतोलातला. ग्लिसरॉल खालच्या द्रावणात राहतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर मऊ साबण मिळतो.

८. डिटर्जंटचे तीन प्रकार लक्षात राहत नाहीत.

एकच प्रश्न विचारा: लांब साखळीवर कोणता भार आहे?

ऋण भार असेल तर अ‍ॅनायॉनिक. सोडियम लॉरिल सल्फेट, सोडियम डोडेसिलबेंझिन सल्फोनेट. धुण्याची पावडर आणि टूथपेस्ट यांत हे असतात. धन भार असेल तर कॅटायॉनिक. सिटिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइड. केसांच्या कंडिशनरमध्ये वापरतात, जंतुनाशक गुण असतो, पण महाग. भारच नसेल तर नॉनआयॉनिक. स्टिअरिक आम्ल आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांचं एस्टर, भांडी घासायच्या लिक्विडमध्ये.

फसवणारी जागा: सोडियम हा धन आयन आहे म्हणून सोडियम लॉरिल सल्फेटला कॅटायॉनिक म्हणणं. सोडियमकडे बघायचंच नाही, साखळीकडे बघायचं.

साखळी सरळ असेल तर जिवाणू तिचं विघटन करतात. तिला फांद्या असतील तर जिवाणूंना ते अवघड जातं आणि नदी-ओढ्यांत फेस साचतो. मायसेल होण्यासाठी साबणाचं किमान प्रमाण लिटरला साधारण ०.०००१ ते ०.००१ मोल असावं लागतं, आणि तापमानही क्राफ्ट तापमानाच्या वर हवं. ‘दोन्ही अटी हव्यात की एकच’ असा प्रश्न आला तर उत्तर: दोन्ही.

९. अँटासिडमध्ये खाण्याच्या सोड्यापेक्षा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड चांगलं का?

सोडा पाण्यात विरघळतो. जास्त झाला तर पोटातलं द्रावण आम्लारिधर्मी होतं आणि त्याला उत्तर म्हणून पोट आणखी आम्ल सोडतं. मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमची हायड्रॉक्साइडं जवळजवळ अविद्राव्य असतात, त्यामुळे ती पीएच ७ च्या फारसा वर नेत नाहीत. आम्ल असेल तेवढीच ती खर्च होतात.

गणितासाठी: ०.८४ ग्रॅम सोडा ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १०० मिलिलिटर उदासीन करतो. ०.५८ ग्रॅम मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड २०० मिलिलिटर. ०.७८ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड ३०० मिलिलिटर. तिन्ही वेळा ०.०१ मोलच घेतला आहे, फरक एक मोल किती मोल आम्ल उदासीन करतो याचा.

१०. सिमेटिडिन आणि रॅनिटिडिन हिस्टामिनच्या विरुद्ध काम करतात. मग ती अँटिहिस्टामिनच्या गटात का नाहीत? आणि अ‍ॅलर्जीच्या गोळीने पित्त का कमी होत नाही?

हिस्टामिन शरीरात वेगवेगळ्या ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या ठरावीक जागा) जाऊन चिकटतं. पोटाच्या भिंतीतल्या ग्राहकाला चिकटलं की आम्ल आणि पेप्सिन सुटतं. नाकाच्या आणि त्वचेच्या पेशींतल्या ग्राहकांना चिकटलं की शिंका आणि खाज. सिमेटिडिन, रॅनिटिडिन पोटातल्या ग्राहकाला अडवतात, म्हणून पुस्तकात अँटासिडच्या गटात. ब्रोमफेनिरामिन आणि टरफेनाडिन अ‍ॅलर्जीच्या ग्राहकाला अडवतात, पोटातल्या ग्राहकाला शिवतही नाहीत. विधान-कारण प्रकारच्या प्रश्नात हे फार आवडीने विचारतात.

११. अँटिसेप्टिक आणि डिसइन्फेक्टंट यांत फरक कसा ओळखायचा?

अँटिसेप्टिक जिवंत त्वचेवर, जखमेवर चालतं. डिसइन्फेक्टंट फरशी, नाली, उपकरणांसाठी. एकच पदार्थ तीव्रतेनुसार दोन्ही होतो: फिनॉल ०.२ टक्के असेल तर अँटिसेप्टिक, १ टक्का असेल तर डिसइन्फेक्टंट. डेटॉल म्हणजे क्लोरोझायलेनॉल आणि टर्पिनिऑल. टिंक्चर आयोडीन म्हणजे अल्कोहोल-पाण्यात २ ते ३ टक्के आयोडीन. बोरिक आम्लाचं सौम्य द्रावण डोळ्यांसाठीचं सौम्य अँटिसेप्टिक म्हणून पुस्तकात येतं. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन ०.२ ते ०.४ पीपीएम, हे डिसइन्फेक्टंट.

१२. अँटिबायोटिकची यादी पाठच होत नाही.

यादीला दोन आडव्या रेषा मारा. पहिली: जिवाणू मारतं की वाढ थांबवतं? मारणारी पेनिसिलिन, अमिनोग्लायकोसाइड, ऑफ्लॉक्सासिन. थांबवणारी एरिथ्रोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. ‘एरि-टेट्रा-क्लोर’ असं तालात म्हणा, राहतं. दुसरी रेषा: किती प्रकारच्या जिवाणूंवर? पेनिसिलिन जी मोजक्यांवर, म्हणून नॅरो स्पेक्ट्रम. क्लोरॅम्फेनिकॉल खूप जणांवर, म्हणून ब्रॉड स्पेक्ट्रम. अ‍ॅम्पिसिलिन आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन ही पेनिसिलिनचीच रूपं, पण ब्रॉड स्पेक्ट्रम. अपवाद म्हणून हेच विचारतात.

इतिहासाच्या दोन ओळी: पॉल एर्लिखचं साल्व्हर्सन सिफिलिसवर होतं आणि त्यात आर्सेनिक-आर्सेनिक दुहेरी बंध दाखवतात, अझो रंगातल्या नायट्रोजन-नायट्रोजन बंधासारखा. प्रॉन्टोसिल १९३२ चं. शरीरात त्याचं सल्फॅनिलामाइड होतं आणि तेच खरं काम करतं.

१३. अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉल, दोन्ही तापावर. प्रश्न कशावर काढणार?

रचनेवर. अ‍ॅस्पिरिन म्हणजे अ‍ॅसिटिलसॅलिसिलिक आम्ल: सॅलिसिलिक आम्लाच्या फिनॉलिक गटाचं असेटिक अनहायड्राइडने केलेलं एस्टर. १३८ ग्रॅम सॅलिसिलिक आम्लापासून १८० ग्रॅम. पॅरासिटामॉल म्हणजे ४-अ‍ॅसिटामिडोफिनॉल: इथे अ‍ॅसिटिल गट नायट्रोजनवर आहे, ऑक्सिजनवर नाही, आणि फिनॉलिक गट मोकळा आहे.

म्हणून फेरिक क्लोराइड घातलं तर पॅरासिटामॉल निळसर जांभळा रंग देतं, शुद्ध अ‍ॅस्पिरिन देत नाही. पण ओल लागलेली जुनी अ‍ॅस्पिरिनची गोळी रंग देते आणि तिला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण एस्टरचं जलअपघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल मोकळं झालेलं असतं. विंटरग्रीन तेलातलं मिथिल सॅलिसिलेटही रंग देतं: तिथे एस्टर आम्लाच्या बाजूला झालंय, फिनॉल शाबूत आहे.

अ‍ॅस्पिरिन रक्त गोठू देत नाही म्हणून हृदयविकारात वापरतात, हेही लक्षात ठेवा. मॉर्फिन आणि कोडीन नार्कोटिक (गुंगी आणणारी), अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉल मात्र नॉन-नार्कोटिक.

१४. भडंग खवट होतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं. दोन्ही ऑक्सिडीकरण, मग उपाय वेगळे का?

कारण वाट वेगळी आहे. सांगलीच्या भडंगात चुरमुऱ्यांच्या प्रचंड पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर असतो. तेलातल्या दुहेरी बंधांवर हवेतला ऑक्सिजन मुक्त मूलकांच्या साखळीने हल्ला करतो आणि वासाची अल्डिहाइडं, कीटोनं तयार होतात. इथे बीएचए आणि बीएचटी ही ऑक्सिडीकरण रोखणारी संयुगं उपयोगी पडतात: त्यांचा फिनॉलिक हायड्रोजन मूलकाला मिळतो आणि साखळी तुटते. पाकिटात नायट्रोजन भरणं हा दुसरा उपाय, तिथे ऑक्सिजनच काढून टाकलेला असतो.

सफरचंद, वांगं, बटाटा यांत काम करतो पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हा विकर (एन्झाइम). लिंबू पिळलं की पीएच उतरतो आणि विकर मंदावतो, शिवाय क जीवनसत्त्व आधी ऑक्सिडाइज होतं. उकळत्या पाण्यातून काढलं की विकराचं प्रथिनच बिघडतं. आणि कंदी पेढ्याचा तपकिरी रंग यातल्या कशानेच नाही. तो खवा भाजताना प्रथिनं आणि लॅक्टोज यांच्यात होणाऱ्या मेलार्ड अभिक्रियेचा, विकराविना.

१५. सोडियम बेंझोएट सगळ्या पदार्थांत का घालत नाहीत?

ते आम्लधर्मी पदार्थांतच काम करतं. सूक्ष्मजीवाच्या पेशीत शिरतं ते अवियोजित बेंझोइक आम्ल, आयन नव्हे. बेंझोइक आम्लाचं पीके-ए सुमारे ४.२. म्हणजे पीएच ४.२ असताना निम्मं आम्लरूपात, ३.२ असताना साधारण ९१ टक्के, ६.२ असताना जेमतेम १ टक्का. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरी सिरपमध्ये म्हणूनच ते उपयोगी, दुधात निरुपयोगी. हेंडरसन समीकरणावरचं गणित असंच येतं. शरीरात त्याचं हिप्पुरिक आम्ल होऊन लघवीवाटे जातं, हा एका ओळीचा प्रश्न.

१६. बेदाणा, गूळ, साखर यांत गंधक आणि हायड्रॉस वापरतात. हे कुठल्या धड्यात बसवायचं?

१६व्या गणात आणि पृष्ठशोषणात. तिन्ही उदाहरणं आपल्या परिसरातली आहेत, म्हणून जरा सविस्तर.

तासगावकडे द्राक्षं शेडमध्ये वाळवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवतात. १०० लिटर पाण्याला साधारण २.५ किलो कार्बोनेट आणि १.५ लिटर तेल. त्या तेलातला मुख्य घटक इथिल ओलिएट, म्हणजे एस्टर. पाण्यात ते नीट ढवळलं की इमल्शन होतं. ते सालीवरच्या मेणाच्या थरात वाट करून देतं आणि पाणी लवकर बाहेर पडतं. इमल्शन फुटलं तर तेल वर तरंगतं आणि माल एकसारखा वाळत नाही. पुढे रंग राखण्यासाठी गंधकाची धुरी देतात: सल्फर डायऑक्साइड ब्राउनिंगचा विकर रोखतो आणि क्षपणाने रंग उतरवतो.

साखर कारखान्यात उसाच्या रसाला चुन्याचं दूध आणि सल्फर डायऑक्साइड देतात. कॅल्शियम सल्फाइटचा अवक्षेप बसतो आणि रंगद्रव्यं, मळ स्वतःवर धरून खाली नेतो. गुऱ्हाळात मळी काढायला भेंडीचं चिकट पाणी घालतात, तिथे गोठण होतं. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून टाकलेली हायड्रॉस पावडर म्हणजे सोडियम डायथायोनाइट, प्रबळ क्षपणक.

आता परीक्षेतला मुद्दा. सल्फर डायऑक्साइडने केलेलं विरंजन क्षपणाचं आणि तात्पुरतं, हवेतल्या ऑक्सिजनने रंग परत येतो. क्लोरीनचं विरंजन ऑक्सिडीकरणाचं आणि कायमचं. दोन्हींना ओल लागते. हायड्रॉसचा पिवळा गूळ काही आठवड्यांत काळपट पडतो, यामागे हेच कारण आहे.

१७. द्राक्षबागेत बोर्डो करतात. ते अभ्यासात कुठे उपयोगी पडतं?

बोर्डो म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण. १ टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत ५०-५० लिटरमध्ये विरघळवून मग ढवळत एकत्र करतात, आणि त्याच दिवशी फवारतात. तपासायला घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा विळा बुडवतात. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिला आहे, चुना वाढवायचा. मोकळा मोरचूद पानं जाळतो.

हा खिळा म्हणजे विद्युतरसायनातला धडा: लोहाचं प्रमाण क्षपण विभव −०.४४ व्होल्ट, तांब्याचं +०.३४, म्हणून लोह तांब्याला बाहेर काढतं आणि घटाचं विभव ०.७८ व्होल्ट येतं. लोखंडी पिंप का नको, याचं उत्तरही यातच आलं.

१८. हळद आम्लात पिवळी, आम्लारीत लाल. पण एका प्रश्नात बोरिक आम्लाने हळदीचा कागद लाल झाला असं होतं. छपाईची चूक का?

चूक नाही, अपवाद आहे. साधा नियम असा: हळदीतलं कुरकुमिन आम्लात आणि उदासीन द्रावणात पिवळं, आम्लारीत लालसर तपकिरी. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो आणि पाण्याने खळबळला की पुन्हा पिवळा, ते यामुळे. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही यामुळेच.

बोरिक आम्ल मात्र कुरकुमिनशी बोरॉनचं संकुल तयार करतं. हायड्रोक्लोरिक आम्ल घालून कागद वाळवला की तो लाल-तपकिरी होतो, आम्ल असूनही. ओळखायची खूण: त्यावर अल्कली टाकली तर रंग हिरवट काळा होतो. साध्या आम्लारीने झालेला लाल रंग आम्ल टाकल्यावर पिवळा होतो.

भेसळीच्या प्रश्नातही अशीच खोच आहे. हळदीत मेटॅनिल यलो असेल तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी-किरमिजी रंग येतो. पण शुद्ध हळदही क्षणभर तशी दिसते. पाणी घालून रंग गेला तर हळद, टिकला तर भेसळ.

१९. मुलीचं सगळं पाठ आहे, तरी सराव पेपरमध्ये याच धड्यात गुण जातात. पालक म्हणून काय बघावं?

तिची चुकलेली उत्तरं घ्या आणि तीन ढीग करा. एक, ‘यांपैकी कोणतं नाही’ हा शब्दच वाचला नाही. दोन, गट बरोबर पण उपगट चुकला, उदाहरणार्थ अँटिबायोटिक ओळखलं पण मारणारं की थांबवणारं ते नाही. तीन, नावच अनोळखी होतं. पहिल्या ढिगाला अभ्यास लागत नाही, ‘नाही’ हा शब्द दिसला की कच्च्या कागदावर फुली मारायची सवय लागते. दुसऱ्यासाठी प्रश्न १२ मधल्या रेषा. तिसरा ढीग बहुतेक वेळा सर्वात छोटा निघतो, आणि मुलं मात्र नेमकी त्याच्यामागे लागून नवी पुस्तकं गोळा करतात.

२०. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या १०० पट गोड की २०० पट? इंटरनेटवर वेगळं, पुस्तकात वेगळं.

दोन्ही आकडे छापलेले सापडतात, कारण गोडी जिभेने मोजतात आणि ती द्रावणाच्या तीव्रतेनुसार बदलते. परीक्षेसाठी एनसीईआरटीच्या जुन्या धड्यातले आकडे धरा: अ‍ॅस्पार्टेम १००, सॅकरिन ५५०, सुक्रालोज ६००, अ‍ॅलिटेम २०००. प्रश्न बहुधा क्रमावर येतो आणि हा चढता क्रम आहे.

आकड्यांपेक्षा रचना जास्त उपयोगी. अ‍ॅस्पार्टेम हे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि फिनाइलअ‍ॅलॅनिन यांच्या डायपेप्टाइडचं मिथिल एस्टर. तापवल्यावर ते टिकत नाही, म्हणून थंड पेयांतच. सुक्रालोज म्हणजे साखरेतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून क्लोरीन बसवलेलं संयुग, स्वयंपाकाच्या तापमानाला टिकतं. ‘मधुमेही माणसासाठी शिऱ्यात काय घालाल’ असं विचारलं तर पर्यायांतून सुक्रालोज निवडायचं.

बाटलीवरच्या लेबलचंही तसंच. कंपन्या घटक बदलत राहतात, उत्तरपत्रिका पुस्तकावरून बनते. लेबल आणि पुस्तक यांत फरक दिसला तर परीक्षेपुरतं पुस्तक धरा.